कोयत्याच्या मागोमाग, वडवणी ते शिरोळ

आधीच सांगून टाकते, यात गावांची आणि माणसांची नावं नाहीयेत आणि ती मुद्दाम नाहीयेत. ऊसतोडीवर लिहिताना तालुका सांगितला तरी पुरे, गाव सांगितलं की मुकादमाला, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराला, लगेच कळतं कोण बोललं, आणि पुढच्या वर्षी त्या घराला उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, द्यायची का नाही हे शेवटी तोच ठरवणार असतो. मी आणि एक फोटोग्राफर मित्र असे दोघंच निघालो होतो. ठरवलं होतं एवढंच की बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीकडची दोन-तीन कुटुंबं घ्यायची, आधी त्यांचं गावातलं घर बघायचं, मागं राहिलेल्यांशी बोलायचं, आणि मग तीच कुटुंबं जिथं तोडायला गेलीत तिथं जाऊन गाठायची. ऊसतोडीचे फोटो दरवर्षी येतात ना, डोक्यावर मोळी घेतलेली बाई, वाढ्यावर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, झोपलेलं बाळ, कोपीपुढचा, म्हणजे झोपडीपुढचा, जाळ. फोटो खोटे नसतात, पण हे कुटुंब दरवर्षी परत का जातं ते त्यातून कळत नाही. मला ते हवं होतं.

सोमवार

पुण्याहून एसटी. मला अर्धं तिकीट, मित्राला पूर्ण, त्यावरून नगर येईपर्यंत त्याची कुरकुर. नगरहून बीडला सप्टेंबर २०२५ मध्ये एकदाची रेल्वे सुरू झाली, तिच्यासाठी लोकांनी किती वर्षं वाट पाहिली ते बीडकरांना विचारा, पण आमचं वेळेचं गणित एसटीशीच जुळत होतं. जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा. संध्याकाळी बीडमध्ये एका ओळखीच्या कार्यकर्त्या ताईंकडे मुक्काम, त्या वीसेक वर्षं या बायकांबरोबर काम करतायत. जेवताना त्यांनी एकच सांगितलं, "गरिबी किती हे विचारू नका, ते घरात शिरल्यावर दिसतंच. उचल किती, फिटली किती, राहिली किती, हे विचारा. आणि बाईला वेगळं विचारा, नवऱ्यापुढं नको."

मंगळवार

सकाळी वडवणीच्या बसनं निघालो, पुढं वडाप. बालाघाटाचे डोंगर, मुरमाड जमीन, मधेच तुरीची हिरवी पट्टी. सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन सडलेलं, ते जो तो न विचारता सांगतो.

गावात शिरलं की एकेका गल्लीत सात-आठ घरांना कुलूप. काही दारांना बाभळीच्या फांद्या आडव्या लावलेल्या, कुत्री-डुकरं आत जाऊ नयेत म्हणून. माणसं दिसतात ती म्हातारी नाहीतर दहा-बाराच्या आतली. मधलं वय सगळं गेलेलं. दसऱ्यानंतर ट्रॅक्टर येतात आणि भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या, लेकरं सगळं ट्रॉलीत चढतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं, की परत. हे १९७२ च्या दुष्काळानंतर फार वाढलं असं गावातले जुने लोकही सांगतात, म्हणजे आता तिसरी पिढी कोयता धरतेय.

आमची पहिली आजी सत्तरीच्या पुढची. पोरगा, सून आणि थोरली नात कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळकडं, धाकटे तीन नातू हिच्यापाशी. चुलीपुढं बसूनच बोलली.

"आजी, तुम्ही पण जायचात का तोडायला?"

"मग काय तर. ह्योच पोरगा फडात झाला मला. पाचव्या दिशी मोळी उचललीय म्या."

"आता जात नाही?"

"कंबर गेली. आता अर्धा कोयता बी न्हाई मी."

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो, उचलही कोयत्यावर ठरते. एकटा माणूस अर्धा. त्यामुळं पोरगा कमावता झाला की लवकर लग्न लावून द्यायची घाई असते, कारण जोडी झाली की उचल दुप्पट. आणि पोरीला मागं ठेवायची भीती आणि बरोबर नेऊन कोपीत ठेवायची त्याहून जास्त भीती, म्हणून तिचंही लवकर उरकतं. गेटकेन लग्न म्हणतात त्याला, कारखान्याच्या दारात टोळ्या जमलेल्या असतात तिथंच दोन-चार माणसांत लावून टाकलेलं. कायद्यानं वय काय ते सगळ्यांना पाठ आहे, शाळेतल्या सरांना, ग्रामसेवकाला, आजीला पण.

मागं राहिलेल्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, गावातच जेवणाची सोय करायची आणि शाळा चालू ठेवायची. शिवाय २०२१ मध्ये सरकारनं संत भगवानबाबा वसतिगृह योजना काढली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, निम्मी मुलींची. कागदावर छान आहे. आजीच्या नातवांना विचारलं तर धाकटा म्हणाला शाळेत खिचडी असती ती खातो, रात्री आजी करती. मधला काहीच बोलला नाही, पण फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याच्या बॅगेची चेन उघडून बघत बसला होता. पोरांचे चेहरे ओळखू येतील असे फोटो आम्ही काढत नाही, त्यामुळं त्याला कॅमेरा हातात दिला आणि त्यानंच आजीचे भरपूर फोटो काढले. त्यातले दोन खरंच चांगलेत.

निघताना आजीनं तिळाचे लाडू एका डब्यात भरून दिले, संक्रांत पुढच्या आठवड्यात होती. "थोरलीला द्या. आन म्हणावं फोन कर, ह्या डबड्यात पैसे न्हाईत." बटणाचा फोन होता, रिचार्ज संपलेला.

बुधवार

हा दिवस बायकांचा. कार्यकर्त्या ताई बरोबर होत्या म्हणून झालं, नाहीतर हे विषय अनोळखी माणसापुढं कोण काढणार. दुसऱ्या गावात समाजमंदिरात सात-आठ जणी जमल्या, यंदा तब्येतीमुळं किंवा बाळंतपणामुळं मागं राहिलेल्या. मित्राला मी बाहेर पारावर बसवलं.

२०१९ मध्ये बीडच्या गर्भपिशव्यांची बातमी देशभर गाजली होती, आठवत असेल. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांचा सर्व्हे झाला आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांत एक. त्यानंतर खाजगी दवाखान्यांना असं ऑपरेशन करायचं तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागायला लागली. चांगलं झालं. पण या समाजमंदिरात बसलेल्या बायकांना मी विचारलं की ऑपरेशन कशासाठी करून घेतलं, तर उत्तरात डॉक्टर नंतर आला, आधी आला खाडा. एक दिवस कामावर नाही गेलं तर खाडा, त्याचे पैसे मुकादम कापतो, आणि कोयता जोडीचा असल्यामुळं बाई बसली की नवऱ्याचंही काम अडतं. पाळीत अंगावरून जातंय, फडात ना संडास ना आडोसा, धुवायला पाणी नाही, तेच कापड दिवसभर, मग जंतुसंसर्ग, मग सीझन संपल्यावर दवाखाना, आणि तिथं कुणीतरी म्हणतं कॅन्सर होईल, काढून टाका.

एक जण, पस्तिशीची असेल, म्हणाली, "दोन लेकरं झाली, मग ठेवून काय करायची? दर महिन्याला चार दिवस खाडा कुणी भरायचा?" मला वाटलं होतं ती रडेल वगैरे. अजिबात नाही. हिशोब सांगितल्यासारखं सांगत होती. ऑपरेशनला पैसे कुठून आले विचारलं तर, "मुकादमाकडून, उचलीत लावले." तिला आता सारखी कंबर धरते, चक्कर येते, हातपाय दुखतात, ती यंदा गेली नाही आणि नवरा अर्धा कोयता म्हणून गेलाय. म्हणजे खाडा वाचवायला केलेलं ऑपरेशन आणि आता पूर्ण सीझनच खाडा.

मी हे लिहून घेत असताना एक बाई म्हणाली, तुमच्यासारखे पेपरवाले लई येऊन गेले तवा, २०१९ ला, टीव्हीवाले पण, गाड्याच गाड्या. "पिशवीचं विचारलं सगळ्यांनी. खाड्याचं कुणी न्हाई विचारलं." हे वाक्य मी दोनदा लिहून घेतलं.

सरकारी ओळखपत्राबद्दलही विचारलं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, कारखान्यांनी टनामागं १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे अशी रचना आहे, ग्रामसेवकानं नोंदणी करून कार्ड द्यायचं. तिथं बसलेल्यांपैकी दोघींकडं कार्ड होतं, एकीनं ते रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये नीट जपून ठेवलेलं. त्यावर काय मिळतं ते तिला माहीत नव्हतं.

गुरुवार

प्रवास आणि फक्त प्रवास. बीड, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर, तिथून मंगळवेढा-सांगोला-मिरज. सांगोल्याच्या पुढं कुठंतरी ऊस सुरू होतो आणि मग संपतच नाही. जयसिंगपूरला लॉजमध्ये रात्री पोचलो, अंग आंबलेलं.

शुक्रवार

पहाटे साडेचारला फडावर. शिरोळ तालुका, कृष्णेच्या जवळचं काळं रान, धुकं इतकं की बॅटरीचा उजेड पुढं जात नव्हता. ऐकू येत होतं आधी, कोयत्याचे आवाज, खाट-खाट-खाट, मग माणसं दिसली. आजीचा मुलगा आणि सून शोधायला वेळ लागला नाही, टोळीत सगळे एकाच भागातले, "वडवणीहून पाव्हणे आलेत" म्हटल्यावर कुणीतरी हाक मारलीच.

काम असं चालतं. पुरुष बुडख्यातून तोडतो, बाई पाचट काढते, शेंड्याचं वाढं छाटते, दहा-पंधरा ऊस एकत्र करून वाढ्याच्याच पिळानं मोळी बांधते. हे दुपारपर्यंत. मग गाडी येते, कधी दुपारी, कधी रात्री नऊला, कधी दोनला, ते यांच्या हातात नाही. गाडी आली की भरायची. ट्रॉलीला फळी किंवा शिडी लावलेली असते, डोक्यावर चुंबळ, त्यावर तीस-चाळीस किलोची मोळी, आणि त्या फळीवरून वर. दवात फळी ओली असते. सून चढताना मी मोजायला सुरुवात केली आणि मग सोडून दिलं, ते मोजणं काहीतरी विचित्र वाटायला लागलं, सर्कशीसारखं.

मित्रानं फोटो काढले. शिडीचे पण काढले, नाही म्हणत नाही. पण आमच्यात त्यावरून तिथंच बांधावर वाद झाला. त्याचं म्हणणं, हेच दृश्य लोकांना थांबवतं, स्क्रोल करताना बोट थांबतं, मग मजकूर वाचतात. माझं म्हणणं, बोट थांबतं, "बिचारी" असं मनात येतं आणि बोट पुढं जातं. दोघांचंही थोडं थोडं बरोबर असेल. पण पत्रकार पी. साईनाथांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, म्हणजे पारीचं, संकेतस्थळ मराठीतही वाचायला मिळतं, तिथं मला आवडतं ते हे की माणूस काय काम करतो, कसं करतो, त्याचे किती मिळतात, हे आधी येतं आणि दुःख नंतर आपोआप कळतं.

थोरली नात, चौदा-पंधराची, कोपीवर होती. बांबूच्या तट्ट्या आणि वर निळी ताडपत्री, आत उभं राहता येत नाही. शेजारच्या कोपीतली दोन लहान पोरं पण हिच्याच ताब्यात. आठवीत होती, मराठी माध्यम, वर्गात तिसरी यायची म्हणाली. लाडूचा डबा दिला तर आधी वास घेतला, मग एक लाडू पोरांना फोडून दिला आणि डबा वरच्या गाठोड्यात. आजीचे फोटो मोबाईलवर दाखवले, नातवानं काढलेले. "ह्यो तिरका काढलाय बघा," म्हणाली आणि हसली.

संध्याकाळी बाया वाढ्याच्या पेंढ्या घेऊन रस्त्याकडेला बसतात, गावातले म्हशीवाले वैरणीला विकत घेतात. त्यातून मीठमिरची सुटते. मग स्वयंपाक, मग झोप, मग तीनला उठून भाकरी. झोप किती होते विचारलं तर सून म्हणाली, "गाडी लवकर आली तर व्हती."

शनिवार

आज हिशोब. पाऊस नाही, ऊन नाही, फक्त हिशोब, आणि मला विचाराल तर पूर्ण दौऱ्यातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस हाच.

यांनी यंदा एक लाख उचल घेतली. त्यातले चाळीस हजार मागच्या वर्षीचे फिटायचे राहिले होते तेच परत नावावर, म्हणजे हातात आले साठ, त्यातून थोरल्या दिराच्या दवाखान्याचं देणं, सोयाबीनच्या बियाणाचं देणं, आणि दिवाळी. तोडणीचा दर जानेवारी २०२४ च्या करारात ३४ टक्के वाढला, टनाला ३६६ रुपये झाला. वाढ मोठी आहे, ते लोकही मान्य करतात. आता एक जोडी दिवसाला सरासरी दोन टन तोडते. म्हणजे ७३२ रुपये, दोघांचे मिळून, पहाटे चारपासून गाडी भरेपर्यंतचे. लाख रुपये फेडायला २७३ टन तोडायला हवेत, म्हणजे एकही खाडा न करता १३७ दिवस. यंदाचा, म्हणजे २०२५-२६ चा, हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला. तिथून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत १२० दिवस होतात. गेल्या वर्षी ऊस कमी होता, कारखान्यांची गाळप क्षमता वाढलेली, बहुतेक ठिकाणी मार्च संपायच्या आत पट्टा पडला होता. शिवाय आठवड्याच्या बाजाराला मुकादमाकडून घेतलेले पैसे यात धरलेलेच नाहीत, आजारपण धरलेलं नाही, गाडी न आलेले दिवस धरलेले नाहीत.

बस. "परत का जातं" याचं उत्तर मला इथं मिळालं. दर वाढला तरी हंगाम आखडतो, आणि राहिलेली बाकी पुढच्या दसऱ्याला ट्रॉलीत चढवते.

मी विचारलं, आत्तापर्यंत किती टन झाले? नवरा म्हणाला मुकादमाला माहीत. वजन कारखान्याच्या काट्यावर होतं, पावती गाडीवाल्याच्या हातात, तिथून मुकादमाच्या वहीत. तोडणाऱ्याच्या हातात कागद म्हणून काहीच येत नाही. इथं पोरगी मधेच उठली आणि गाठोड्यातून शाळेची जुनी वही घेऊन आली. मागच्या बाजूनं तिनं तारीख आणि खेपा लिहिल्या होत्या, कुठल्या दिवशी कुठली गाडी, ट्रॅक्टरचे शेवटचे आकडे. वजन नाही, ते तिला कसं कळणार. पण खेपा होत्या. बापानं ती वही त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितली असावी. "हे कधीपासून लिवतीस?" एवढंच विचारलं.

मित्रानं त्या पानाचा फोटो मागितला. सून नको म्हणाली, ट्रॅक्टरचा नंबर आहे त्यात. नाही काढला.

दुपारी मुकादम भेटला. मला त्याला व्हिलन करायचा मोह होता, खरं सांगते, पण तो पण त्याच तालुक्यातला, बाप त्याचाही तोडायचाच. कारखान्याकडून, गाडीमालकाकडून पैसे तो सहीवर उचलतो, आणि एखादी टोळी उचल घेऊन दुसरीकडं पळाली तर वसुली त्याच्या जमिनीवर. "दोन वर्षांपूर्वी चार कोयते पळाले माझे. एक एकर गेली." खरं असेल. पण त्याच्याकडं वही आहे, बाईक आहे आणि वीस टक्के कमिशन आहे, आणि टोळीतला माणूस पळाला तर त्याला शोधायला माणसं पाठवायची सोय पण आहे. आगाऊ पैसे देऊन माणूस बांधून ठेवायला बंदी घालणारा वेठबिगारीचा कायदा १९७६ चा. त्याचं नाव काढल्यावर तो हसला, "मॅडम, हितं कोण कुणाला बांधतंय? सगळे आपल्या पायानं येत्यात."

रविवार

ज्याच्या फडात तोड चालू होती त्या शेतकऱ्याच्या घरी चहा. दीड एकरवाला, बागायतदार म्हणावं असं काही नाही. त्याचं गाऱ्हाणं खुशालीचं. तोड लवकर मिळावी म्हणून टोळीला एकरी पैसे द्यायचे, ड्रायव्हरला खेपेमागं एन्ट्री वेगळी, आणि एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, २०२५-२६ ला क्विंटलला ३५५ असली तरी त्यातून तोडणी-वाहतूक कापूनच हातात येणार. "आमास्नीच लुटत्यात बगा हे लोक," तो म्हणाला. संध्याकाळी टोळीत विचारलं तर त्यांनीही नाकारलं नाही. ते पैसे मिळाले तर त्यात आठवड्याचा बाजार होतो, उचलीला हात न लावता. जयसिंगपूरला दरवर्षी हंगामाच्या तोंडावर शेतकऱ्यांची ऊस परिषद भरते, पहिल्या उचलीचा आकडा जाहीर होतो, शेतकऱ्याला उचल म्हणजे कारखान्याकडून आधी मिळणारं बिल आणि तोडणाऱ्याला उचल म्हणजे आधी डोक्यावर येणारं कर्ज. या दोघांचं भांडण बांधावर होतं आणि काटा असतो कारखान्यात.

रात्रीच्या गाडीनं परत निघालो.

लेख छापायच्या आधी मी फोनवर वाचून दाखवते, ही आमची पद्धत आहे, कुणाला काय नको असेल ते काढायचं. रात्री साडेनऊला सून फोनवर आली, मागं ट्रॅक्टर चालू. सगळं ऐकून घेतलं. नवऱ्याच्या दारूची एक ओळ होती ती काढायला सांगितली, काढली. मुकादम हसला ते राहू द्या म्हणाली. मग म्हणाली, "ताई, उचल लाख लिवलीय ती एक लाख दहा करा. मंगळवारी ह्यांच्या पायावर मोळी पडली, दवाखान्याला दहा घेतलेत." पाय कसा आहे विचारलं. सूज हाय, पण जात्यात कामाला, म्हणाली, आणि गाडी लागलीय म्हणून फोन ठेवला.